बोलणं : उसन्या अवयवांचा कारभार

(पडद्यावर : रोमन काळातलं सभागृह, रेखाचित्रांतून.)

दुसऱ्या शतकातलं रोम. फळीवर बांधलेलं एक डुक्कर जिवाच्या आकांतानं ओरडतंय. भोवती उमराव, तत्त्वज्ञ आणि वैद्य दाटीवाटीनं बसलेत. गेलन नावाचा वैद्य त्या डुकराच्या गळ्यातला एक बारीक मज्जातंतू शोधून काढतो आणि त्याला दोरा आवळतो. डुक्कर धडपडतंय, श्वास घेतंय, तोंडही उघडतंय, पण आवाज गायब. दोरा सैल केला, की पुन्हा किंचाळणं सुरू.

आज हे आपल्याला बघवणार नाही. पण गेलन तिथं एक जुनं भांडण निकालात काढायला उभा होता. माणूस विचार कशानं करतो, मेंदूनं की हृदयानं? ॲरिस्टॉटलनं हृदयाच्या बाजूनं कौल दिला होता. स्टोइक पंथाचे तत्त्वज्ञ तर सरळ हिशेब मांडायचे : आवाज छातीतून येतो, आवाजातून विचार व्यक्त होतो, म्हणजे विचाराचं घरही छातीतच. गेलननं बांधलेला तंतू मेंदूकडून आलेला होता. छाती जागच्या जागी, हृदय धडधडतंय, श्वासही चालू, आणि तरीही आवाज बंद. तत्त्वज्ञांनी तरी हार मानली नाहीच. ते कधी मानतात?

(पडद्यावर : मानेची आणि छातीची आकृती. तंतूचा मार्ग हळूहळू उजळतो.)

या तंतूचा रस्ता बघा. त्याला पोचायचंय स्वरयंत्राला, म्हणजे गळ्यात. डावीकडचा तंतू मेंदूकडून निघतो, स्वरयंत्राच्या शेजारून जातो आणि तिथं न थांबता थेट छातीत उतरतो. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या खालून वळसा घेतो आणि आल्या वाटेनं पुन्हा वर येतो. उजवीकडचा जरा आधीच वळतो, पण उलटा फेरा त्यालाही चुकत नाही. जिराफाची तर कमालच. त्याच्या मेंदूपासून स्वरयंत्र अगदी जवळ, पण तंतूचा प्रवास चार मीटरहून लांब!

एवढा आडवळणाचा रस्ता कशासाठी? कशासाठीच नाही. तो वारशानं आलाय. आपल्या माशासारख्या पूर्वजांना मान नव्हती. त्यांच्या शरीरात हा तंतू कल्ल्यांजवळच्या रक्तवाहिनीखालून सरळ आपल्या जागी जायचा. पुढच्या पिढ्यांत मान लांबत गेली, हृदय खाली सरकत गेलं, आणि रक्तवाहिनीखाली अडकलेला तंतू तिच्याबरोबर ओढला गेला. थायरॉईडची शस्त्रक्रिया करणारे सर्जन आजही याला फार जपतात, कारण हा दुखावला की आवाज घोगरा होतो. आणि बरेच दिवस आवाज बसलेल्या माणसाला डॉक्टर कधी कधी छातीचा फोटो का काढायला सांगतात, याचंही उत्तर याच वळशात आहे.

आता मुख्य मुद्दा. बोलणं हे माणसाचं खास वैशिष्ट्य, असं आपण शाळेपासून ऐकतो. मग फक्त बोलण्यासाठी बनलेला अवयव कोणता? गळ्यापासून ओठांपर्यंत शोधलं तरी सापडत नाही. फुप्फुसं श्वासासाठी. दात चावण्यासाठी. जीभ चव घ्यायला आणि घास मागं ढकलायला. स्वरतंतू, म्हणजे स्वरयंत्रातल्या कंप पावणाऱ्या पट्ट्या, तरी? त्यांचं मूळ काम राखणदारीचं. अन्नाचा कण श्वासनलिकेत जायला लागला, की ते घट्ट मिटतात. जड ओझं उचलताना आपण श्वास रोखतो, तेव्हाही दार लावतात ते हेच. बोलणं ही या सगळ्यांची वरकड नोकरी!

आणि या नोकरीची किंमत मोजावी लागते. माणसात स्वरयंत्र गळ्यात बरंच खाली असतं. तान्ह्या बाळाचं वर असतं, नाकामागच्या पोकळीजवळ, त्यामुळे दूध पिता पिता त्याचा श्वासही जवळजवळ चालू राहतो. वाढत्या वयात ते खाली उतरतं. जिभेमागं मोकळी जागा तयार होते आणि तिथल्या हालचालींतून ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ असे स्वच्छ वेगवेगळे स्वर काढता येतात. पण आता प्रत्येक घास आणि पाण्याचा प्रत्येक घोट श्वासनलिकेच्या तोंडावरूनच जातो. डार्विननं १८५९ सालच्या आपल्या ग्रंथात या विचित्र रचनेकडे बोट दाखवलंय. ठसका लागतो तो याच चौकात.

अर्थात, स्वरयंत्र बोलण्यासाठीच खाली उतरलं असं म्हणण्याची घाई नको. नर सांबरांच्या युरोपातल्या भाईबंदांचं, म्हणजे लाल हरणांचं, स्वरयंत्रही खाली असतं आणि ओरडताना ते आणखी खाली खेचतात. त्यातून आवाज भारदस्त होतो आणि ऐकणाऱ्याला हरीण आहे त्याहून मोठं वाटतं. माणसातही सुरुवात अशाच बढाईनं झाली असेल, अशी शंका काही संशोधकांना आहे. मला ही शंका मनापासून आवडते.

इस्राएलमधल्या केबारा गुहेत १९८३ साली सुमारे ६०,००० वर्षांपूर्वीच्या निअँडरथल माणसाचा, म्हणजे आपल्या नामशेष झालेल्या चुलतभावाचा, सांगाडा मिळाला. त्यात जिभेच्या मुळाशी असणारं छोटं हाड शाबूत होतं. हे हाड दुसऱ्या कुठल्याही हाडाला जोडलेलं नसतं, नुसत्या स्नायूंवर आणि पट्ट्यांवर तोललेलं असतं, त्यामुळे ते हाती लागणं म्हणजे नशीबच. आणि ते आपल्या हाडासारखंच निघालं. तेवढ्यावरून तो बोलत होता असं सिद्ध होत नाही, पण तो मुका होता असं ठामपणे म्हणणंही अवघड झालं.

(पडद्यावर : एक हात, हातात दातांच्या डॉक्टरांचा छोटा आरसा.)

जिवंत माणसाचे स्वरतंतू हलताना नीट पाहिले कुणी? एका गायनशिक्षकानं! १८५४ साली मान्वेल गार्सिया यांनी दातांच्या डॉक्टरांचा लांब दांड्याचा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशानं त्यावर सूर्यप्रकाश पाडला आणि स्वतःचेच स्वरतंतू बघितले. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यांचा निबंध वाचला गेला. साध्या बोलण्यात पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा कंप पावतात, बायकांचे दोनशेच्या आसपास. गार्सिया स्वतः १०१ वर्षं जगले, हे जाता जाता.

आता जरा तोंड चालवू या. ‘प’ म्हणा. दोन्ही ओठ मिटले. आता ‘फॅन’ किंवा ‘फोन’ म्हणा. बहुतेकांचा खालचा ओठ वरच्या दातांना टेकला असेल. व्याकरणात अशा ध्वनीला दंतोष्ठ्य म्हणतात.

१९८५ साली चार्ल्स हॉकेट या भाषाशास्त्रज्ञानं एक भलतीच कल्पना मांडली. शिकारीवर आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजांच्या भाषांत असे ध्वनी कमी आढळतात, आणि त्याचं कारण जेवणात आहे! लहानपणी प्रत्येकाचे वरचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढं असतात. पण जन्मभर चिवट, कडक अन्न चावलं की दात झिजतात, जबडा पुढं सरकतो आणि मोठेपणी वरचे-खालचे दात टोकाला टोक भिडतात. जुन्या सांगाड्यांत ही ठेवण वारंवार दिसते. मग शेती आली, दळण आलं, मडक्यात मऊ शिजवणं आलं, आणि वरचे दात पुढं असलेली लहानपणीची ठेवण मोठेपणीही टिकायला लागली. अशा तोंडात खालचा ओठ वरच्या दातांना सहज टेकतो.

कल्पना तीसेक वर्षं तशीच पडून होती. २०१९ साली डेमियन ब्लासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जबड्याचं संगणकीय प्रारूप बनवून हिशेब केला : वरचे दात पुढं असतील, तर दंतोष्ठ्य ध्वनी काढायला सुमारे २९ टक्के कमी स्नायूशक्ती लागते. जगभरच्या भाषांचा ताळा घेतल्यावर हॉकेटचा अंदाजही बऱ्याच अंशी जुळला. सगळ्या भाषाशास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही. पण एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. संस्कृत, लॅटिन, इंग्रजी यांच्या मूळ पूर्वजभाषेची जी मांडणी अभ्यासकांनी केलीय, तिच्यात दात-ओठांचा तो ‘फ’ नाही. संस्कृतातल्या ‘पितृ’मधला ‘प’ लॅटिनमध्येही ‘प’च राहिला, आणि इंग्रजीत ‘फादर’ झाला. दह्या-भाकरीनं नाही तरी निदान मऊ घासांनी या बदलाला हातभार लावला असेल, ही शक्यता भाषेच्या इतिहासात एरवी कुणी विचारात घेतलीच नसती.

(पडद्यावर : क, च, ट, त, प ही अक्षरं. शेजारी तोंडाचा उभा छेद.)

तोंडाच्या आतली ही भूमिती आपल्या वर्णमालेत फार पूर्वीपासून आहे. क, च, ट, त, प असं सावकाश म्हणा. जीभ कंठाजवळून सुरुवात करते, टाळूला लागते, मग मूर्धा, मग दात, आणि शेवटी काम ओठांवर येतं. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. आरसा नाही, दिवा नाही, आणि तरीही प्राचीन उच्चारशास्त्रज्ञांनी ‘व’ला नेमकं दंतोष्ठ्य ठरवलं. मराठीनं पुढं या मांडणीला थोडं अवघडात टाकलं. ‘चंद्र’मधला ‘च’ टाळूपाशी होतो आणि ‘चाक’मधला दातांमागं, पण अक्षर दोघांना एकच. आपण मात्र न अडखळता दोन्ही बरोबर म्हणतो.

कोरियाचा राजा सेजोंग तर या मांडणीच्याही पुढं गेला. १४४३ साली तयार झालेली आणि १४४६ साली जाहीर झालेली त्याची लिपी अवयवांची चित्रंच काढते. ‘न’चं अक्षर म्हणजे टोक वर उचललेली जीभ, ‘म’चं अक्षर म्हणजे तोंडाचा आकार, ‘स’चं म्हणजे दात. हे आपण नंतर लावलेले तर्क नव्हेत. लिपीबरोबरच लिहिलेल्या ग्रंथात ही स्पष्टीकरणं आहेत, आणि त्याची प्रत १९४० साली सापडली.

उसने अवयव कळले. त्यांना कामाला लावणारा मुकादम कुठं बसतो?

पॅरिसच्या वेशीवरच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न नावाचा एक रुग्ण एकवीस वर्षं राहिला. काहीही विचारा, तो ‘तां, तां’ एवढंच म्हणायचा, म्हणून सगळे त्याला तां म्हणूनच ओळखत. समोरच्याचं बोलणं त्याला कळायचं, जीभ-ओठ हलायचे. फार चिडला की मात्र एक सणसणीत फ्रेंच शिवी स्पष्ट बाहेर पडायची! एप्रिल १८६१ मध्ये पायाच्या आजारामुळे तो पॉल ब्रोका या सर्जनकडे आला आणि काही दिवसांतच वारला. ब्रोकानं त्याचा मेंदू तपासला. डाव्या बाजूला, पुढच्या भागात, मोठी इजा होती. त्या भागाला आज ब्रोकाचंच नाव आहे. मेंदू न कापता जपून ठेवल्यामुळे २००७ साली त्याचा स्कॅन प्रसिद्ध झाला. इजा ब्रोकाला वरून दिसली त्यापेक्षा बरीच खोल गेली होती.

पण या मुकादमाला आवाजाशी तरी देणंघेणं आहे का? जन्मापासून खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या कर्णबधिर माणसाच्या मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली, तर त्याच्या खुणा अडखळतात. हात लुळे पडलेले नसतात, तो पेला उचलू शकतो, पण वाक्य जुळत नाही. गळा यात कुठंच नाही.

(पडद्यावर : शाळेचं आवार, हातांच्या जलद हालचाली.)

निकाराग्वात १९७० च्या दशकाअखेरीस कर्णबधिर मुलांसाठी शाळा वाढली. तोवर ही मुलं आपापल्या घरात, घरापुरत्या खुणांवर भागवत होती. शाळेत शिक्षक त्यांना ओठ वाचायला आणि स्पॅनिश बोलायला शिकवत होते, आणि त्यात फारसं यश येत नव्हतं. मधल्या सुट्टीत आणि बसमध्ये मात्र मुलांनी आपापल्या खुणा एकमेकांत मिसळल्या. काही वर्षांत त्यातून नवी भाषा उभी राहिली. १९८६ साली अमेरिकेतल्या भाषाशास्त्रज्ञ जूडी केगल तिथं गेल्या, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की लहान मुलांच्या खुणा मोठ्यांपेक्षा जास्त बांधीव आहेत. क्रियापदाची खूण हवेत विशिष्ट जागी करून कोणी कोणाला काय केलं हे छोटी मुलं नेमकं दाखवत होती. हे नियम त्यांना कुणी शिकवले नव्हते. ज्या मोठ्या मुलांकडून त्यांनी भाषा उचलली, त्यांच्या बोलण्यात ते एवढे पक्के नव्हतेच.