इंजिन बंद पडल्यानंतरची चार मिनिटं

श्रोतेहो, नमस्कार. बारामती, धुळे, गोंदिया परिसरात शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं आपण डोक्यावरून जाताना पाहतो. अशा विमानाचं एकुलतं एक इंजिन बंद पडलं तर? ते दगडासारखं कोसळत नाही, तरंगत खाली येतं. सेस्ना १७२चं एन मॉडेल घ्या. ६५ नॉट, म्हणजे ताशी साधारण १२० किलोमीटर वेग राखला, तर दर हजार फूट उंचीमागे ते सुमारे पावणेतीन किलोमीटर पुढे जातं. तीन हजार फुटांवर असाल तर हातात चारेक मिनिटं असतात.

म्हणून पहिलं काम वेगाचं. उंची टिकवायला नाक वर ओढलं की वेग मरतो, पंखांची उचल तुटते आणि वाचवता आलं असतं ते विमान जातं. वेग साधला की उतरायची जागा ठरवा, विमान तिकडे वळवा, आणि मग कारण शोधा: इंधनाचा खटका 'बोथ'वर (दोन्ही टाक्या), मिक्श्चर पूर्ण रिच (मिश्रणात हवेच्या मानाने इंधन जास्त), कार्ब्युरेटर हीट (इंधन-हवा मिसळणाऱ्या भागाला ऊब) चालू, प्रायमर (इंजिन सुरू करताना इंधन ढकलणारा हातपंप) आत बंद, मॅग्नेटो (ठिणगी देणारे संच) दोन्ही चालू.

कार्ब्युरेटर हीटबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. कार्ब्युरेटरमध्ये इंधनाची वाफ होताना आतलं तापमान वीस अंशांनी किंवा त्याहूनही जास्त घसरू शकतं. त्यामुळे बाहेर वीस-बावीस अंशांची दमट हवा असली तरी आत बर्फ धरतो. आधी आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, हळूहळू उतरतात, मग इंजिन धडधडतं. हीट पूर्ण उघडल्यावर वितळलेलं पाणी इंजिनात जातं आणि धडधड काही क्षण वाढते. घाबरून हीट बंद करणं ही इथली घातक चूक. ती तशीच चालू ठेवा. ही ऊब एक्झॉस्टमधून येते. इंजिन पुरतं थांबलं की तीही जाते, म्हणून पहिल्या लक्षणालाच हात तिकडे गेला पाहिजे.

वेळ असेल तर १२१.५ मेगाहर्ट्‌झवर किंवा चालू फ्रिक्वेन्सीवर 'मेडे' ही संकटाची हाक द्या, आणि रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या ट्रान्सपाँडरवर ७७०० हा संकटाचा कोड लावा.

उड्डाणानंतर लगेच, पाच-सहाशे फुटांच्या आत इंजिन गेलं, तर धावपट्टीकडे मागे वळू नका. परतायला नुसतं अर्धं वर्तुळ पुरत नाही. पट्टीच्या रेषेवर यायला त्याहून जास्त वळावं लागतं. त्यात पंख ४५ अंश कलते करून, उंची राखून वळलं तर स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंखांची उचल तुटते तो वेग, सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. समोर, थोडं डावी-उजवीकडे जे सापडेल तिथेच उतरा.

शेत निवडताना वाऱ्याची दिशा पाहा. नांगरलेल्या रानात तासांना समांतर उतरा, आडवं उतरलात तर पुढचं चाक रुतून विमान उलटू शकतं. उंच उसापेक्षा कापणी झालेलं रान केव्हाही बरं. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांबांमध्ये तार आहेच असं धरून चाला.

जमीन नक्की गाठणार असं झालं की मिक्श्चर कट-ऑफ (पूर्ण तोडलेलं), इंधन बंद, मॅग्नेटो बंद. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या, विजेवर चालतात, म्हणून विजेचा मुख्य खटका, मास्टर स्विच, फ्लॅप पूर्ण सोडल्यावरच बंद करा. टेकण्याआधी दारं किंचित उघडी ठेवा, कारण सांगाडा वाकला की ती अडकतात. शेपूट थोडी खाली ठेवून, जमेल तितक्या कमी वेगात टेका, ब्रेक जोरात दाबा. विमान थांबलं की सगळ्यांना बाहेर काढून वारा येतो त्या बाजूला, विमानापासून लांब न्या.