लाल दिव्याची पाठ

(दृश्य: जाळीवरून उतरणारं पाणी, अगदी जवळून. मागून लाल उजेड.)

पाण्याचा हा पडदा हिरव्या केसांमधून खाली उतरतोय. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात काचेवर जे शेवाळ कुणालाच नको असतं, तेच इथे प्लास्टिकच्या जाळीवर मुद्दाम वाढवलंय. पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट घेऊन ते वाढतं. ते खरवडून काढलं, की ही पोषकद्रव्यं त्याच्यासोबत टाकीबाहेर जातात. शास्त्रज्ञ वॉल्टर ॲडी यांना शेवाळाच्या या गाळणीचं अमेरिकी पेटंट मिळालं 1982 मध्ये. त्यानंतर जाळ्या बदलल्या, पंप बदलले. सगळ्यात जास्त बदलला तो दिवा.

(दृश्य: मोजपट्टी जाळीला लावलेली.)

ही जाळी 10 सेंटिमीटर रुंद आणि 15 उंच आहे. उजेड दोन्ही बाजूंनी पडतो. माशांना रोज गोठवलेल्या खाद्याचा एक क्यूब घालत असाल, तर सुमारे 75 चौरस सेंटिमीटर जाळी लागते. म्हणजे ही जाळी रोजच्या दोन क्यूबसाठी. टाकी किती लिटरची, यावर हे माप काढू नये. खाद्य किती पडतं, यावर काढावं. रुंदीच्या दर सेंटिमीटरला ताशी 50 लिटर पाणी लागतं, म्हणून पंप ताशी 500 लिटरचा.

(दृश्य: तळहातावर एलईडी, चांदणीच्या आकाराच्या पाटीवर.)

आणि हा तो एलईडी. 660 नॅनोमीटर, गडद लाल. क्लोरोफिल लाल उजेड सर्वांत जास्त शोषतं ते याच्याच आसपास. साधा लाल एलईडी बहुतेकदा 620 ते 630 नॅनोमीटरचा असतो आणि शेजारी ठेवला तर तोच जास्त झगझगीत दिसतो. हा डोळ्यांचा दोष. आपल्या डोळ्यांना 660 चा उजेड 630 च्या मानाने सुमारे चौपट मंद भासतो. त्यामुळे दिवा डोळ्यांनी पारखू नये. खोक्यावर तरंगलांबी लिहिलेली नसेल, तर तो एलईडी घेऊच नये.

एका बाजूला सहा एलईडी: पाच गडद लाल आणि एक निळा, 450 नॅनोमीटरचा. एकेकाच्या वाट्याला 25 चौरस सेंटिमीटर जाळी येते. निळे वाढवण्याचा मोह टाळावा. जाळी पिवळी पडू लागते ती बहुधा निळ्याच्याच समोर.

याला तीन वॅटचा एलईडी म्हणतात, पण मल्टीमीटर वेगळं सांगतो. 700 मिलीॲम्पिअरवर लाल एलईडीला साधारण 2.3 व्होल्ट लागतात, म्हणजे 1.6 वॅट. निळ्याला 3.3 व्होल्ट, म्हणजे 2.3 वॅट. सहा मिळून झाले जेमतेम 10 वॅट. यातला चांगल्या एलईडीत निम्मा, साध्यात निम्म्याहून जास्त भाग उष्णता होतो.

(दृश्य: एलईडी हळूहळू उलटा केला जातो. पाटीची मागची बाजू.)

ही उष्णता उजेडाबरोबर पुढे जात नाही. समोर हात धरला तर फारसं काही जाणवत नाही. ती उतरते पाठीतून, या ॲल्युमिनियमच्या पाटीतून. तिला पुढे वाट मिळाली नाही, तर चिप तापत जाते आणि उजेड घटतो. लाल चिपचा निळ्यापेक्षा लवकर. मग जाळीवर हिरव्याऐवजी काळपट, चिकट थर धरतो. उजेड कमी पडतोय हे निदान बरोबर असतं, उपाय मात्र चुकतो. एलईडी ज्या धातूच्या पट्टीवर बसवलेत, तिच्यावरच आणखी चार चढतात आणि पट्टी आणखी तापते. आधी पाठ थंड करा. एलईडी वाढवायचे की नाही, ते त्यानंतर पाहा.

(दृश्य: हीटसिंक घासली जातेय. पेस्टचा थेंब. हे सगळं सावकाश.)

हीटसिंक, म्हणजे एलईडीची उष्णता हवेत सोडणारा पट्ट्यापट्ट्यांचा तुकडा, ॲल्युमिनियमची आहे. तिची सपाट बाजू आधी बारीक पॉलिश पेपरने घासली, मग स्पिरिटने पुसली. पाटी आणि हीटसिंक दोन्ही सपाट दिसतात, पण मधे केसाएवढ्या फटी राहतातच आणि त्यांत हवा असते. उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियमचा आकडा 200 च्या आसपास, साध्या थर्मल पेस्टचा 1 ते 4, आणि हवेचा 0.026. पेस्ट हवेपेक्षा कितीतरी बरी, ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी वाईट. तिचं काम फक्त फटी भरण्याचं. म्हणून तांदळाच्या दाण्याएवढा थेंब पुरतो. पाटी ठेवायची, दाबायची, किंचित फिरवायची. कडेने पेस्टचा जाड घेर बाहेर आला, तर ती जास्त झाली.

आता स्क्रू. तीन मिलिमीटरचे, समोरासमोरच्या दोन खाचांत, थोडे थोडे आळीपाळीने आवळायचे. एकच बाजू आधी घट्ट केली, तर दुसरी उचलली जाते. डोक्याखाली नायलॉनचे वॉशर हवेतच, कारण सोल्डर करायच्या जागा स्क्रूपासून दोन मिलिमीटरवर असतात. सगळं बसल्यावर मल्टीमीटर बीपवर ठेवून एक टोक हीटसिंकला, दुसरं प्रत्येक सोल्डरला लावावं. कुठेही बीप वाजता कामा नये.

(दृश्य: भिंतीलगत उभी हीटसिंक. अगरबत्तीचा धूर पट्ट्यांमधून वर चढतोय.)

पट्ट्या उभ्या असल्या, की हवा तापून आपोआप वर जाते. इथे धुरामुळे ती दिसतेय. हीच हीटसिंक आडवी केली, तर हवा पट्ट्यांत अडकते.

खोक्यावर हीटसिंकचा एक आकडा असतो: दर वॅटला किती अंश. ही आहे 3 ची. एका बाजूची उष्णता 7 वॅट धरली, तर ती भोवतालच्या हवेपेक्षा 21 अंश जास्त तापेल. खोलीत 30 अंश असतील तर 51. पण ही गाळणी टाकीखालच्या बंद कपाटात असेल आणि आतच 38 अंश असतील, तर 59. दिवा तोच, हीटसिंक तीच. आठ अंश वाढवले ते कपाटाच्या दाराने.

(दृश्य: कपाटाच्या भिंतीला पाडलेलं भोक, बाहेरून बसवलेला पंखा.)

म्हणून पंखा, आणि तो बाहेरची कोरडी हवा आत ढकलणारा. आतली हवा बाहेर ओढणारा पंखा सतत खारट दमटपणात फिरतो आणि त्याचं बेअरिंग लवकर जातं. 24 व्होल्टचा पंखा निवडला, तर एलईडीच्याच ॲडॉप्टरवर चालतो. दोन्ही बाजूंना 24 व्होल्ट, दीड ॲम्पिअरचा एक ॲडॉप्टर पुरतो. तो कपाटाबाहेर, पाण्यापासून दूर. आत येते ती फक्त कमी व्होल्टची वायर, आणि ती आधी खाली झोळ खाऊन मग वर जाते, म्हणजे ओघळ टोकापर्यंत पोचत नाही. प्रत्येक बाजूला 700 मिलीॲम्पिअरचा स्थिर प्रवाहाचा वेगळा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीचा प्रवाह कायम तेवढाच ठेवणारं सर्किट. सहा एलईडींच्या माळेला लागतात 14.8 व्होल्ट, 24 त्याला भरपूर झाले. नुसता रेझिस्टर लावून भागवू नये. एलईडी तापला, की त्याला लागणारं व्होल्टेज उतरतं, प्रवाह वाढतो आणि तो आणखी तापतो.

पंखा कधीतरी बंद पडणारच. हीटसिंकला चिकटवलेला हा छोटा स्विच 60 अंशांना उघडतो आणि वीज तोडतो. तो ॲडॉप्टर आणि ड्रायव्हरच्या मधे लावायचा, ड्रायव्हर आणि एलईडीच्या मधे नाही. चालू ड्रायव्हरला एलईडी पुन्हा जोडला गेला, तर साठलेलं व्होल्टेज एकदम येतं आणि अख्खी माळ जाऊ शकते. सोल्डर तपासतानाही हेच लक्षात ठेवा: आधी वीज बंद, मग वायरला हात.

(दृश्य: तीन मिलिमीटरचं पारदर्शक ॲक्रिलिक बसतंय. दिवा पेटतो.)

एलईडी आणि पाण्याच्या मधे ॲक्रिलिक. जाळीपासून अंतर सात ते दहा सेंटिमीटर. भिंग नको, 120 अंशांचा पसारा पुरतो. भिंगाने उजेड एका ठिपक्यात गोळा होतो आणि तिथलं शेवाळ पिवळं, रबरासारखं होतं. जाळीवर पाणी सोडणाऱ्या वरच्या पाइपच्या खाचेवर मात्र काळी पट्टी लावून सावली करा, नाहीतर शेवाळ खाचेतच वाढून पाणी अडवतं.

नव्या जाळीला पहिले काही आठवडे दिवसाला आठ-नऊ तास. हिरवं धरलं, की हळूहळू 14 ते 16. चोवीस तास कधीच नाही. टाकीचे दिवे मालवल्यावर हा पेटवला, तर रात्री पाण्याचा पीएच फारसा उतरत नाही.

(दृश्य: दोन तासांनी. हीटसिंकवर ठेवलेला हात.)

दोन तास दिवा चालल्यावर हात ठेवून बघा. दहा सेकंद टेकवता आला, तर ठीक. लगेच काढावा लागला, तर दार, पंखा, पेस्ट, याच क्रमाने तपासा. दर आठवड्याला ॲक्रिलिकवरचं मीठ ओल्या फडक्याने पुसायचं, महिन्याला पंख्याची धूळ ब्रशने झाडायची.

(दृश्य: जाळी बाहेर काढली जाते. खरवडणं, हिरवा गोळा हातात.)

सात ते चौदा दिवसांनी जाळी खरवडून गोड्या पाण्याने धुतात. टाकीत नायट्रेट उतरतं, काच पुसायची वेळ क्वचित येते.

(दृश्य: जाळी पुन्हा जागेवर. खोलीतले दिवे मालवतात. लाल उजेड लागतो, पाणी सुरू होतं. निवेदन नाही.)