फिक्स्चरमधली पिन

(छत्रपती संभाजीनगर इथे लघुउद्योजकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याहून शिफ्ट सांभाळून आलेल्या मंडळींनो! जालन्याचे रोलिंग मिलवाले आणि लातूरचे डाळमिलवाले मित्रही आलेत, त्यांना इतक्या लांब आल्याबद्दल वेगळा नमस्कार.

मला विषय दिलाय ‘उद्योगात नवकल्पनांना चालना’. या विषयावर कुणीही उभं राहिलं की आधी अमेरिकेची थ्रीएम कंपनी येते, म्हणून मी ती आधीच सांगून टाकतो. थ्रीएमनं आपल्या संशोधकांना पंधरा टक्के वेळ स्वतःच्या डोक्यातल्या कामासाठी वापरायची मुभा दिली. तिथे १९६८ साली स्पेन्सर सिल्व्हर यांना धड न चिकटणारा गोंद सापडला, १९७४ मध्ये आर्ट फ्राय यांना त्याचा उपयोग सुचला, आणि १९८० मध्ये त्या पिवळ्या चिकटचिठ्ठ्या अमेरिकाभर विकायला आल्या. बारा वर्षं कंपनी थांबली, हे खरंच मोठं आहे. पण आपल्याकडे प्रेसवर उभ्या माणसासमोरच्या बोर्डावर दर तासाचा आकडा लिहिलेला असतो. त्याला पंधरा टक्के वेळ कुठून देणार? ते उदाहरण प्रयोगशाळेचं आहे. शॉप फ्लोअरवरच्या माणसाला त्यातून काही मिळत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: आपल्या कारखान्यांत कल्पना भरपूर आहेत, त्यांना उत्तर कुणी देत नाही. ‘नाही’ ऐकून माणूस एकदा हिरमुसतो. काहीच ऐकू आलं नाही तर तो पुन्हा बोलत नाही. यावर एक घडलेली गोष्ट सांगतो. लांब आहे, पण सगळी सांगितल्याशिवाय मुद्दा कळणार नाही.

वाळूजचाच एक कारखाना. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. मी तिथे क्वालिटी विभागात होतो. दुचाकीसाठी एक ब्रॅकेट बनायचा. वाक दिलेली पट्टी, तिला दोन भोकं. दोन्ही टोकांनी ती सारखीच दिसायची. फरक इतकाच की एका टोकाला छोटी खाच होती आणि भोकं त्या खाचेच्या बाजूला जरा सरकलेली. रात्रपाळीत डोळा जड झाला की जॉब, म्हणजे ती पट्टी, फिक्स्चरमध्ये, म्हणजे भोकं पाडताना तिला धरून ठेवणाऱ्या चौकटीत, उलटा जायचा. उलटा गेला तरी क्लॅम्प लागायचा, ड्रिल उतरायचं, भोकं पडायची. चुकल्याचं कळायचं ते थेट कस्टमरच्या, म्हणजे दुचाकी कंपनीच्या, लाईनवर, बोल्ट बसेना तेव्हा.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. फोन येतो. चार पोरं गाडीत घालून कस्टमरच्या गेटवर सॉर्टिंगला पाठवायची. संध्याकाळी कागद भरायचा. कारण: ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय: ऑपरेटरला समज दिली. (हशा) हसताय, म्हणजे तुमच्याही फाईलमध्ये तो कागद आहे.

त्या मशीनवर गंगापूर तालुक्यातला एक पोरगा होता. ठेकेदाराकडचा हेल्पर, आयटीआय वगैरे काही नाही. तो एकदा मला म्हणाला, “साहेब, जॉब उलटा बसवला म्हणून आम्हाला बोलता. पण तो उलटा बसायलाच कामून? बसूच नाही शकला तर?” त्यानं सुपरवायझरलाही सांगितलं होतं. सुपरवायझर म्हणाला, बघू. काही दिवसांनी परत सांगितलं, तेव्हाही बघू. मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यानं टूलरूममधल्या, म्हणजे हत्यारं-फिक्स्चर बनवणाऱ्या विभागातल्या, ओळखीच्या माणसाला गाठलं आणि फिक्स्चरच्या बेसवर, जॉबची खाच जिथे येते नेमकी तिथे, एक छोटी डावेल पिन, म्हणजे पोलादी खुंटी, ठोकून घेतली. जॉब सरळ घातला तर खाच पिनवर बसते. उलटा घातला तर पट्टीची सपाट कड पिनवर चढते, जॉब उचललेला राहतो, क्लॅम्प लागत नाही. झालं. त्या फिक्स्चरवरून उलटा ब्रॅकेट निघणं बंद!

इथे जरा थांबतो, कारण ही गोष्ट ओळखीची आहे. १९६१ साली जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो जपानमधल्या यामादा इलेक्ट्रिक या कारखान्यात गेले होते. एका छोट्या स्विचमध्ये दोन बटणांखाली दोन स्प्रिंग घालायच्या असत आणि कामगार कधी कधी एक विसरत. शिंगोंनी सांगितलं, डब्यातून आधी दोन स्प्रिंग काढून बशीत ठेवा आणि मग बसवा. बशीत एक उरली की कळलं. जग हे पोका-योके, म्हणजे चूक होऊच न देणारी रचना, म्हणून शिकतं, आपणही फी भरून त्याचे वर्ग करतो. गंगापूरच्या त्या पोरानं शिंगोंचं नावही ऐकलं नव्हतं, पण त्यानं विचार केला तो त्याच जातीचा. चुकणाऱ्या माणसाला बोलण्यापेक्षा चूक होण्याची जागाच त्यानं बंद केली. तेव्हाही मला त्याचं कौतुक वाटलं, आजही वाटतं.

मग कस्टमरचं ऑडिट आलं. ऑडिटरनं फिक्स्चरचं ड्रॉइंग मागितलं आणि फिक्स्चरशेजारी धरून पाहिलं. ड्रॉइंगमध्ये पिन नाही. विनापरवाना बदल म्हणून एनसी, म्हणजे नियमभंगाची नोंद, लागली. संध्याकाळपर्यंत पिन ठोकून काढली, सुपरवायझरला मेमो दिला, आणि ठेकेदाराला सांगितलं की त्या पोराला दुसरीकडे पाठव. मी मीटिंगमध्ये म्हटलं, पिन ड्रॉइंगमध्ये घ्या, फिक्स्चर परत प्रमाणित करा, कस्टमरला रीतसर कळवा. उत्तर मिळालं, आधी ऑडिट मिटू द्या. ऑडिट मिटलं. मी तिथे होतो तोवर पिन काही परत आली नाही आणि उलटे ब्रॅकेट पुन्हा जायला लागले.

आता माझा राग कुणावर आहे ते नीट ऐका. ऑडिटरवर नाही. तो बरोबर होता. वाहनाच्या भागांत कुणीही उठून फिक्स्चर बदलू लागला तर उद्या ब्रेकच्या पार्टवरही तेच होईल आणि रस्त्यावर माणूस मरेल. ड्रॉइंग, कंट्रोल प्लॅन, कस्टमरची मंजुरी ही शिस्त लागतेच. पोरगाही बरोबर होता. दोघंही बरोबर असताना कारखाना हरला, कारण पोराच्या डोक्यापासून ड्रॉइंगपर्यंत जायला वाटच नव्हती. सुपरवायझरनं पहिल्यांदा ‘बघू’ म्हणण्याऐवजी एक कागद क्वालिटीकडे सरकवला असता तर तीच पिन रीतसर बसली असती. ती वाट बांधणं मालकाचं काम आहे. हेल्परनं ती बांधायची नसते.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे सूचनापेटी आहे. असेल. १८९८ मध्ये अमेरिकेत कोडॅकनं सूचना योजना सुरू केली. पहिली सूचना काय होती ठाऊक आहे? कारखान्याच्या खिडक्या धुवा, उजेड येईल. दोन डॉलर बक्षीस मिळालं. त्याच कोडॅकमध्ये १९७५ साली स्टीव्ह सॅसन या तरुण इंजिनिअरनं डिजिटल कॅमेरा बनवला. साडेतीन किलोच्या वर वजन, एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. फिल्म विकून जगणाऱ्या कंपनीला तो मनापासून जवळ करता आला नाही आणि २०१२ मध्ये ती दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत गेली. म्हणजे पेटीही होती, कल्पनाही घरातच जन्मली होती.

उलट टोयोटाचं पाहा. एइजी टोयोडा १९५० साली फोर्डचा रूज कारखाना बघायला गेले आणि सूचना योजना तिथूनच घेऊन आले. १९५१ मध्ये टोयोटात ती सुरू झाली. पेटी अमेरिकेचीच. पण तिकडे सूचना हाताळणं हे सुपरवायझरच्या रोजच्या कामात धरलं गेलं. आपल्याकडे १९८० मध्ये हैदराबादच्या भेल या सरकारी कारखान्यात क्वालिटी सर्कल, म्हणजे कामातले दोष मिळून सोडवणारे कामगारांचे छोटे गट, सुरू झाली, तिथून देशभर पसरली. आपल्या एमआयडीसीतही ती आहेत, मी त्यांच्या स्पर्धा पाहिल्यात. पोरं सुंदर बोलतात, तक्ते रंगवतात, ढाल घेऊन येतात. फक्त ज्या मशीनवर तो प्रयोग झाला तिथे सहा महिन्यांनी जाऊन बघा, बदल टिकलाय का. ढालीपेक्षा मला त्याची काळजी वाटते.

जालन्याचे मित्र समोर आहेत म्हणून एक सांगतो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण संकरित कापसाचं बी पाहा. संध्याकाळी बायका शेतात एकेका कळीतले पुंकेसर काढतात, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर परागकण लावतात. सगळा धंदा त्या बोटांवर उभा. कळी कधी घ्यायची, पाऊस झाला तर काय करायचं, हे बांधावरच्या साहेबाच्या आधी त्यांना कळतं. ते कुणी विचारून लिहून घेतो का?

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. तेव्हा जे करायचं त्याच्याकडे भराभर येतो.

आधी उत्तराची मुदत. सूचना आली की एका आठवड्यात उत्तर. ‘करतो’, ‘अमुक तारखेला करून पाहतो’ किंवा ‘नाही, कारण हे’. हजेरीच्या पंचिंग मशीनजवळ बोर्ड लावा, त्यावर सूचना, माणसाचं नाव, उत्तर. ‘नाही’ लिहायला घाबरू नका, कारण मात्र खरं लिहा.

सुपरवायझरच्या हातात थोडे पैसे द्या. हजार-दोन हजाराच्या प्रयोगासाठी त्याला मालकाच्या केबिनबाहेर उभं राहायला लावू नका. आठवड्यातले दोन तास टूलरूम प्रयोगासाठी मोकळी ठेवा. स्क्रॅपमधलं साहित्य वापरू द्या. प्रयोगाच्या जॉबना वेगळा टॅग लावा, ते चालू लॉटमध्ये मिसळता कामा नये. आणि बदलाचा एक पानी फॉर्म करा. तो क्वालिटीवाल्यानं भरायचा, कामगारानं फक्त तोंडी सांगायचं. ड्रॉइंगची नवी आवृत्ती आणि कस्टमरला कळवणं त्याच फॉर्मवर.

आता सगळ्यात अवघड जागा. तुमच्यातले बरेच जण मनात म्हणत असतील, खर्च वाचवला तर फायदा कस्टमर पुढच्या वर्षीच्या कॉस्ट डाऊनमध्ये, म्हणजे दरकपातीत, काढून घेणार, मग मी कशाला डोकं लावू? हे दुखणं खरं आहे. यावर माझं सांगणं, आपल्याकडून गेलेली प्रत्येक सुधारणा कस्टमरला आकड्यासह लेखी पाठवा आणि पहिल्या वर्षीच्या बचतीत वाटा मागा. मिळेलच असं नाही. पण कागद असला तर दराच्या वाटाघाटीत तुमच्यापुढे काहीतरी असतं. १९८५ साली बजाज वाळूजला आली, तिच्यामागे आपण सगळे आलो, दिलेल्या ड्रॉइंगवर जॉब करत मोठे झालो. आता विजेच्या स्कूटर बनवणारी एथर आणि टोयोटा किर्लोस्कर यांनी २०२४ मध्ये आपल्या इथल्या ऑरिक या औद्योगिक वसाहतीत येण्याचं जाहीर केलंय. विजेच्या दुचाकीला सायलेन्सर लागत नाही, इंजिनाचे भाग लागत नाहीत. फक्त ड्रॉइंगप्रमाणे माल देणाऱ्या कारखान्यानं उद्या कशावर उभं राहायचं? मशीनवरची माणसं सुचवायला शिकलेली असतील तर नव्या पार्टवर ती लवकर रुळतील.

बक्षीस आणि नाव. जपानच्या शुजी नाकामुरा यांना निळ्या एलईडीच्या पेटंटसाठी कंपनीनं २० हजार येन दिले. ते कोर्टात गेले आणि २००५ मध्ये तडजोड झाली ती सुमारे ८४ कोटी येनांवर. २०१४ मध्ये त्यांना त्याच कामासाठी नोबेल मिळालं. आपल्या पेटंट कायद्यातही, कलम २८ खाली, पेटंट कंपनीच्या नावावर असलं तरी शोध लावणाऱ्याचं नाव नोंदवता येतं. तुमच्या पोराची सुधारणा पेटंटच्या योग्यतेची नसेल, पण फिक्स्चरच्या ड्रॉइंगवर ‘सुचवणार’ म्हणून त्याचं नाव घालायला खर्च काय येतो?

शेवटचा मुद्दा ठेकेदारी माणसांचा. बहुतेक सूचना योजनांच्या नियमात ‘कायम कामगारांसाठी’ असं लिहिलेलं असतं. ते खोडा. मशीनवर रोज उभी राहणारी निम्मी माणसं त्या दोन शब्दांनी बाहेर राहतात. त्यांच्या बक्षिसाचे पैसे ठेकेदाराच्या बिलात न घालता थेट त्यांच्या खात्यात टाका, आणि सूचना करणाऱ्याला मशीन बदलून दुसरीकडे पाठवायचं असेल तर मालकाची सही लागेल असा नियम करा. जालन्याच्या एका मित्रानं मघाशी विचारलं, आमच्या भट्टीवरची माणसं बिहार-उत्तर प्रदेशची, बोर्ड वाचणार कोण? बोर्ड हिंदीतही लिहा आणि शिफ्ट सुरू होताना सुपरवायझरनं तो वाचून दाखवावा. भट्टीजवळचा कुठलाही प्रयोग सेफ्टीवाल्याच्या सहीशिवाय करायचा नाही. त्यासाठी आठवड्यापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर तसं त्याच बोर्डावर तारखेसह लिहा. बाकीचे प्रश्न चहाच्या वेळी घेऊ. ज्यांना एक पानी फॉर्मचा नमुना हवा असेल त्यांनी दाराजवळच्या टेबलावरून घ्यावा.