क्रँक ‘बसला’ म्हणजे काम झालं नव्हे

नमस्कार. फोंड्यात, भर पावसाच्या संध्याकाळी, क्रँकवरचं बोलणं ऐकायला एवढी माणसं आली याचा मला मनापासून आनंद आहे. समोर निम्मे तरी गॅरेजवाले दिसतात, तेव्हा मेन बेअरिंग कुठलं आणि बिग एंड कुठलं यात वेळ घालवत नाही. बाकीच्यांसाठी एवढंच: पिस्टनचं वरखाली होणं ज्याच्यामुळे चाक फिरवण्याच्या कामी येतं तो इंजिनातला वाकडातिकडा दांडा म्हणजे क्रँक. एका इंजिनाचा क्रँक दुसऱ्या इंजिनात घातला तर काय काय बदलतं, हे सांगायचं कबूल केलंय. ते सांगतोच. पण आधी हा तुकडा पुढच्या रांगेपासून मागे फिरवा. जपून हं, जड आहे, आणि कडा अजून लागते.

हा तुकडा मी सगळी वर्षं जपून ठेवलाय. मेस्त्रींकडे शिकाऊ होतो तेव्हाचा आहे. गोवा मुक्त झाला तेव्हा इथल्या रस्त्यांवर परदेशी गाड्या भरपूर होत्या, पोर्तुगीज अमदानीत आलेल्या. १९६१ नंतर आयातीवर बंधनं आली आणि त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले. गाडी तर चालली पाहिजे! मग ह्याचा पंप त्याला, त्याचा गिअरबॉक्स ह्याला. आमच्या मेस्त्रींची पिढी त्यात तयार झाली. त्यांच्या हाताला मी आजही नमस्कार करतो.

एका भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, तशीच जुनी गाडी आमच्याकडे आली. नाव घेत नाही, ती अजून त्याच घरात उभी आहे. तिचा क्रँक घासून घासून मूळ मापापेक्षा १ मिलिमीटर बारीक, म्हणजे अंडरसाइजला आलेला, त्यापुढचं बेअरिंगच नाही. त्याच कंपनीच्या थोड्या मोठ्या इंजिनाचा क्रँक भंगारात सापडला. लांबी जुळली, स्ट्रोकही, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, तोच; मेन जर्नल, म्हणजे क्रँकचे बेअरिंगात फिरणारे गोल भाग, मात्र जाड. ते घासायला गोव्याबाहेर एका कारखान्यात पाठवले. आठ दिवसांनी क्रँक परत आला तो आरशासारखा. मायक्रोमीटर लावला, माप बरोबर. बेअरिंगच्या कॅप आवळल्या, हाताने फिरवला, लोण्यासारखा फिरला. मेस्त्री ओरडले, “बसलो मरे!” आणि सगळ्यांना चहा-भजी.

सहा महिन्यांनी मोले सोडून अनमोडचा घाट चढताना गाडी धाडकन थांबली. इंजिनाखालचा तेलाचा चेंबर उघडला तर क्रँकचे दोन तुकडे.

आता तुमच्या हातातल्या तुकड्याचं तोंड बघा. एका बाजूला गुळगुळीत भाग आहे, त्यावर वाकड्या रेघा, एकीबाहेर एक. तिसऱ्या खातो ना आपण, त्यांच्या शिंपल्यावर असतात अगदी तशा. उरलेला भाग खडबडीत, साखरेसारखा दाणेदार. दाणेदार भाग तुटला त्या घाटात, एका क्षणात. शिंपल्यासारखा भाग मात्र त्याआधी कितीतरी दिवस थोडा थोडा चिरत होता. गाडी बाजाराला जात होती, लग्नाला जात होती, आणि चीर पुढे सरकत होती. त्या सगळ्या रेघा जिथून निघतात तिथे बोट ठेवा. जर्नल बाजूच्या वेबला, म्हणजे जर्नलांना जोडणाऱ्या जाड पाटीला, मिळतं तो कोपरा. नख फिरवा, अडकतं. तिथे दोन-तीन मिलिमीटरची गोलाई हवी होती. घासणाऱ्याने घासायच्या दगडाची कड गोल करून घेतलीच नव्हती, सरळ काटकोन काढला. दर फेऱ्याला क्रँक किंचित वाकतो, तो ताण काटकोनात साठतो आणि चीर तिथेच जन्मते.

माझी तक्रार त्या कारखान्यापेक्षा आपल्याबद्दल जास्त आहे. आम्ही व्यास मोजला, कोपरा मोजला नाही. कोपऱ्याची गोलाई मोजायचं रेडियस गेज महाग नसतं, तरी आजही दहातल्या नऊ गॅरेजांत मला ते दिसत नाही. दुसरं, जाड जर्नल बारीक करताना कडक केलेला वरचा थर निघून जातो. नायट्राइड केलेला, म्हणजे नायट्रोजनने कडक केलेला, असेल तर तो थर मिलिमीटरच्या अंशाएवढाच असतो. मग तो पुन्हा करून घ्यावा लागतो. आणि जुना क्रँक घेताना दोरीला टांगून हातोडीने हळूच वाजवा. चांगला असला तर घंटेसारखा घुमतो, चिरलेला बद्द वाजतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. मग मूळ विषय भराभर घेतो.

परवा एक मुलगा जिप्सी घेऊन आला. तिचं १३०० सीसीचं इंजिन, बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७४ मिलिमीटर, स्ट्रोक ७५.५. त्याला जुन्या बलेनोच्या १६०० चा ९० स्ट्रोकचा क्रँक घालायचा होता. हिशोब मोहक आहे, १२९८ सीसीचं १५४८ होतं. पण स्ट्रोकमध्ये साडेचौदाचा फरक, त्याचा अर्धा सव्वासात मिलिमीटर. तेवढा पिस्टन ब्लॉकच्या वर येणार आणि तेवढाच खाली जाणार. म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा रॉड आखूड हवा, नाहीतर रॉड अडकवायची पिन वर असलेला पिस्टन हवा. सुझुकीने १६०० चा ब्लॉकच उंच केलाय, तो याचसाठी. पिस्टन जागेवर आणला तरी हेडमधली जागा तेवढीच राहते, म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे आतला वायू किती पट दाबला जातो ते, ९ असेल तर साडेदहाच्या आसपास जातं. मिनिटाला ६००० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५ मीटरवरून १८ वर जातो. मी त्याला सांगितलं, बाबा, १६०० चं पूर्ण इंजिनच घाल.

आणि बॅलन्स. अमेरिकेत शेव्हरलेच्या ३५० घनइंचाच्या ब्लॉकमध्ये ४०० चा क्रँक घालून ३८३ करतात, फार गाजलेली जोडणी आहे. तिथेही मेन जर्नल २.६५ इंचांवरून २.४५ वर घासावे लागतात, आमच्यासारखेच. पण ४०० च्या क्रँकचं काही वजन बाहेर, पुढच्या टोकाच्या डॅम्परमध्ये आणि मागच्या टोकाच्या जड चाकात, फ्लायव्हीलमध्ये, आहे. क्रँक ४०० चा आणि फ्लायव्हील ३५० चं लावलं तर इंजिन थरथरत बेअरिंग खाऊन टाकतं. क्रँकबरोबर त्याची दोन्ही टोकं आणा, नाहीतर सगळं एकत्र बॅलन्स करून घ्या. उलटा प्रयोगही शेव्हरलेनेच केला. १९६७ साली शर्यतीची ५ लिटरची मर्यादा पाळायला ३२७ च्या बोअरमध्ये २८३ चा आखूड क्रँक घातला आणि ३०२ चं इंजिन झालं. ते फिरायला वेड्यासारखं मोकळं होतं. स्ट्रोक वाढवणं म्हणजेच ताकद, असं धरून चालू नका.

शेवटचं एक. हेड लावायच्या आधी क्रँक पान्याने, हळू, पूर्ण दोन फेरे फिरवा. रॉडचा बोल्ट ब्लॉकच्या खालच्या कडेला लागतो का, क्रँकवरचं समतोलाचं वजन, काउंटरवेट, पिस्टनच्या घेराला घासतं का, टॉर्च मारून बघा. आवाजावर जाऊ नका, डोळ्यांनी बघा. चेंबर लावल्यावर पुन्हा दोन फेरे, कारण लांब स्ट्रोकचा रॉड तिथल्या पत्र्याला आणि ऑइलच्या जाळीला गाठतो. तुकडा कुणापर्यंत पोचलाय? मागे शाळेची मुलं बसली आहेत, त्यांच्या हातात जरूर द्या. कोपऱ्यावरून नख फिरवू दे त्यांना.