वर्ष पावणेअठरा तासांचं

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापूरच्या मे महिन्याबद्दल सोलापूरकरांना मी काय सांगणार! पारा ४३ च्या पुढे सरकला की दिवसभर खिडक्यांना ओल्या चादरी बांधायच्या आणि संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं. पहिली बादली ओतली की स्लॅब चर्र करतो, गरम वाफ पोटऱ्यांना लागते आणि दहा मिनिटांत गच्ची पुन्हा कोरडी ठणठणीत. रात्री चटई टाकून आडवं व्हावं तर पाठीला खालून ऊब लागतेच. दिवसभर घेतलेली उष्णता स्लॅब रात्री परत देत असतो. एवढं ध्यानात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आत्ता रात्रीचे आठ वाजलेत. अशाच गच्चीवर पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा. समोर पुनर्वसूचे दोन ठळक तारे दिसतील. मघा नक्षत्र जवळजवळ डोक्यावर असेल. या दोघांच्या मध्ये पुष्य. पावसाच्या नक्षत्रांत पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा, तेच हे पुष्य. हात लांब करून मूठ धरा. पुष्यापासून एक मूठभर उजवीकडे, म्हणजे उत्तरेला, एक अगदी मंद तारा आहे. शहराच्या दिव्यांत तो नुसत्या डोळ्यांना दिसायचा नाही. नान्नजच्या माळावर अंधार बरा असतो, पण तिथेही साधी दुर्बीण सोबत असू द्या. त्या ताऱ्याचं नाव ५५ कॅन्क्री. आपल्यापासून ४१ प्रकाशवर्षं दूर, आपल्या सूर्याच्याच जातीचा, थोडा कमी तेजस्वी. त्याच्याभोवती पाच ग्रह सापडले आहेत. त्यातल्या सर्वांत आतल्या ग्रहाबद्दल आज बोलायचंय. २०१५ मध्ये त्याला जान्सेन असं नाव देण्यात आलं.

हा जान्सेन पृथ्वीच्या जवळजवळ दुप्पट रुंद आणि आठपट जड आहे. आपला बुध सूर्यापासून सरासरी ५ कोटी ८० लाख किलोमीटरवर असतो. जान्सेन त्याच्या ताऱ्यापासून आहे फक्त २३ लाख किलोमीटरवर! इथून चंद्र जितका लांब, त्याच्या सहापट, बस्स. तिथे उभं राहता आलं असतं, तर तो तारा आपल्या सूर्याच्या साठपट रुंद दिसला असता. ऊन आपल्या अडीच हजार पट. दगड वितळून वाहावा एवढी ही धग, त्यामुळे उजेडाच्या बाजूला लाव्ह्याचा समुद्र असावा असं शास्त्रज्ञ मानतात. आणि ताऱ्याभोवती एक फेरी, म्हणजे तिथलं एक वर्ष, संपतं सुमारे पावणेअठरा तासांत.

इतक्या जवळच्या ग्रहाला ताऱ्याची ओढ मोकळेपणानं गिरकी घेऊ देत नाही. सिद्धेश्वराला प्रदक्षिणा घालताना आपला उजवा खांदा सतत देवाकडे असतो. तसाच या ग्रहाचा एक चेहरा कायम ताऱ्याकडे असणार. एका बाजूला न मावळणारं ऊन, दुसऱ्या बाजूला न उजाडणारी रात्र.

पण मला या ग्रहाची खरी ओढ लागली ती त्याच्या धगीमुळे नाही, त्याच्या मोजणीच्या गोष्टीमुळे. २००४ मध्ये तो सापडला तेव्हा त्याचं वर्ष २.८ दिवसांचं ठरलं होतं. सहा वर्षं सगळे तेच धरून चालले. चूक कशी झाली, ते गड्ड्याच्या यात्रेतल्या पाळण्यावरून कळेल. समजा, तुम्ही डोळे मिटून पाळण्यासमोर उभे आहात आणि ठरावीक वेळानं क्षणभरच डोळे उघडता. दर वेळी लाल पेटी आधीच्या जागेपासून जेमतेम तिसरा हिस्सा पुढे सरकलेली दिसते. तुम्हाला वाटतं, पाळणा संथ आहे. प्रत्यक्षात मधल्या वेळात तो एक अख्खी फेरी मारून वर तो तिसरा हिस्सा पुढे गेलेला असतो! जमिनीवरच्या दुर्बिणी रात्रीच उघडतात, म्हणजे २४ तासांतून एकदाच डोळा उघडल्यासारखं. ग्रह रोज एक पूर्ण फेरी आणि वर तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त अंतर कापत होता. हिशेबात धरलं गेलं ते फक्त वरचं.

२०१० मध्ये रेबेका डॉसन आणि डॅनियल फॅब्रिकी यांनी ते हिशेब पुन्हा तपासले. डॉसन तेव्हा विद्यार्थिनी होत्या. त्या दोघांनी दाखवून दिलं की वर्ष पाऊण दिवसाहून कमी आहे. तसं असेल तर ग्रह ताऱ्याच्या फारच जवळ, आणि मग तो आपल्या आणि ताऱ्याच्या मधे येऊन ताऱ्याचा थोडासा उजेड अडवत असण्याची शक्यताही मोठी. २०११ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीनं आणि कॅनडाच्या सुटकेसएवढ्या छोट्या अवकाश दुर्बिणीनं पाहिलं, आणि उजेड खरंच घटत होता. किती घटत होता? आपल्या पूर्व भागातल्या मागावर १० हजार धाग्यांचा ताणा लावलाय असं समजा. त्यातले तीन-चार धागे तुटावेत, एवढाच. आणि तो बरोबर सांगितलेल्या वेळी घटत होता. हे वाचलं त्या दिवशी मी कितीतरी वेळ कागदावर तोच हिशेब मांडत बसलो होतो.

मध्यंतरी हा ग्रह हिऱ्याचा असल्याचा बराच गाजावाजा झाला. ती एक शक्यता होती, पुढे ताऱ्यातलं कार्बनचं प्रमाण नीट मोजल्यावर ती बरीच लंगडी पडली.

आता गच्चीची आठवण करा. २०१६ मध्ये स्पिट्झरच्या नोंदींवरून उजेडाच्या बाजूचं तापमान सुमारे २४०० अंश सेल्सिअस निघालं आणि अंधाऱ्या बाजूचं ११०० च्या आसपास. आपला स्लॅब रात्री तापलेला असतो कारण त्यानं दिवसा ऊन खाल्लेलं असतं. या ग्रहाच्या अंधाऱ्या बाजूनं तर ऊन कधी पाहिलेलंच नाही. मग तिथे ही उष्णता कोण वाहून नेतं? वारा? म्हणजे वातावरण आहे? की वितळलेला दगडच वाहत जातो? २०२२ मध्ये त्याच नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या आणि अंधारी बाजू आधी वाटली होती त्याहून थंड असावी असं निघालं. २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीनं ग्रह ताऱ्यामागे लपताना उष्णता किती घटते ते मोजलं. वातावरण नसतं तर उजेडाची बाजू सुमारे २२०० अंशांवर असायला हवी होती. निघाली १५४० च्या आसपास. काहीतरी ती उष्णता पलीकडे नेत असणार. खालच्या लाव्ह्यातून सतत बाहेर पडणारे कार्बनचे वायू ग्रहाला वेढून असावेत, असा सध्याचा अंदाज आहे. तसं असेल तर त्या निखाऱ्यावरही वारा आहे!

तर श्रोतेहो, आज दुर्बीण घेऊन गच्चीवर जा. जो उजेड तुमच्या डोळ्यांत येईल तो तिथून ४१ वर्षांपूर्वी निघालाय. तो वाटेत असताना जान्सेनच्या २० हजारांवर फेऱ्या झाल्या. आत्ता आठ वाजता सुरू झालेली त्याची फेरी उद्या दुपारी पावणेदोनला संपेल, आपल्याकडे ऊन ऐन भरात असताना.

नमस्कार.