गोड वाईन, छोटा ग्लास

नमस्कार मंडळी, ठाण्यापासून पनवेलपर्यंत जिथे कुठे ऐकत असाल तिथे. आज गोड वाईनबद्दल बोलायचंय, आणि ते "गोड म्हणजे नवशिक्यांची, गोड म्हणजे स्वस्तातली, खरा पिणारा ड्रायच पितो" असं जे पार्टीत हमखास कोणीतरी बोलतं ना, ते मला अजिबात पटत नाही हे आधीच सांगून टाकते. शंभर वर्षं जुनी झाली तरी उघडून प्यावी अशा ज्या मोजक्या वाईन्स जगात आहेत त्यातल्या कितीतरी गोड आहेत. पोर्तुगालची पोर्ट, अटलांटिक महासागरातल्या मदेरा बेटावरची मदेरा, स्पेनच्या हेरेसची पेद्रो हिमेनेझ शेरी, झालंच तर, एवढी जुनी नाही, ताजीच प्यायची असते, पण ह्याच पंगतीतली, फ्रान्सच्या दक्षिणेची मस्कॅट. ह्या सगळ्या फोर्टिफाइड, म्हणजे त्यात द्राक्षापासूनच काढलेलं कडक स्पिरिट घातलेलं असतं.

आता हे घालतात कशाला, तर द्राक्षाचा रस आंबायला लागला की यीस्ट त्यातली साखर खातं आणि अल्कोहोल तयार होतं, सगळी साखर संपली की झाली ड्राय वाईन, १२ ते १४ टक्क्यांची. पोर्ट करताना मात्र साधारण अर्धी साखर शिल्लक असतानाच मध्ये ७७ टक्क्यांचं स्पिरिट ओततात, अंदाजे चार भाग रसाला एक भाग, आणि एवढ्या अल्कोहोलमध्ये यीस्ट काही तग धरत नाही, ते तिथेच मरतं, साखर तशीच राहते. म्हणजे चांगल्या पोर्टमधला गोडवा वरून पाक ओतून आणलेला नाहीये, तो द्राक्षाचाच आहे. आणि तिथलं द्राक्ष म्हणजे डोरो नदीच्या खोऱ्यातलं, फोडलेल्या स्लेटसारख्या शिस्ट दगडात, उभ्या चढावर पायऱ्या करून लावलेलं, उन्हाळ्यात तिथे भयंकर तापतं.

ह्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग पाय लावून द्राक्षं तुडवायचा. साधी रेड वाईन सालांवर आठ-पंधरा दिवस आरामात मुरते, पोर्टला मिळतात जेमतेम दोन-तीन दिवस, कारण त्यानंतर स्पिरिट पडणार आणि आंबवणं बंद. तेवढ्या वेळात सालीतला सगळा रंग, सगळा तुरटपणा बाहेर काढायचा तर जोर लावायलाच पाहिजे, पण जोर लावताना बी फुटली तर सगळं कडू. माणसाचा तळवा मऊ असतो, तो साल चेंगरतो आणि बी सोडून देतो. म्हणून ग्रॅनाइटच्या बुटक्या रुंद हौदात माणसं खांद्याला खांदा लावून रांगेत उभी राहतात आणि आधी कितीतरी वेळ नुसतं एका ठेक्यात, अगदी सावकाश पुढेमागे चालतात, मग गाणीबिणी सुरू होतात. आता बऱ्याच ठिकाणी ह्या कामाला मशिनं आलीयेत, पण त्यांनाही सिलिकॉनचे पाय बसवलेत, म्हणजे तळव्याला पर्याय तळवाच.

ह्या डोरोच्या खोऱ्याची हद्द पोर्तुगालच्या सरकारने १७५६ मध्ये आखून दिली, आतलीच द्राक्षं चालतील, बाहेरची नाही. आपल्या हिशोबाने सांगायचं तर चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली १७३९ ला, त्यानंतर सतराच वर्षांनी. एवढी जुनी शिस्त आहे ती.

पोर्टमध्ये दोन घराणी लक्षात ठेवा, बाकीचं आपोआप कळतं. रूबी आणि टॉनी. रूबी हवेपासून जपलेली असते, म्हणून लाल, ताजी, करवंद-जांभळाच्या अंगाची. टॉनी लाकडाच्या पिंपात वर्षानुवर्षं राहते, लाकडातून थोडी थोडी हवा लागत जाते, रंग उतरून विटकरी-तपकिरी होतो आणि वास अक्रोड, सुकं अंजीर, भाजलेल्या साखरेकडे जातो. बाटलीवर १०, २०, ३०, ४० वर्षं असं लिहिलेलं दिसेल, ते साधारण त्या वयाच्या चवीचं मिश्रण असतं. माझं मत विचाराल तर पहिली बाटली १० वर्षांची टॉनी घ्या. व्हिंटेज पोर्टचं नाव मोठं, पण ती एकाच चांगल्या हंगामाच्या द्राक्षांची बनते, वीस वर्षं थांबायला लावते आणि तळाला गाळ धरते, त्याच्या नादी सुरुवातीलाच लागू नका.

आणि हो, दुकानात पोर्ट लिहिलेली स्वस्त देशी गोड वाईनही मिळते, ती प्यायची तर प्या, पण ती ही नव्हे. खरी ओळखायची तर अल्कोहोल १९ ते २२ टक्के आहे का बघा आणि बाटलीच्या मानेवर पोर्तुगालच्या संस्थेची कागदी सीलपट्टी आहे का बघा. आपल्या नाशिकची लेट हार्वेस्ट वाईन पण गोड असते आणि छान असते, पण ती फोर्टिफाइड नाही, तिथे द्राक्ष वेलीवरच जास्त पिकवून गोडवा आणतात.

मदेराबद्दल तर आपण मुंबईच्या बाजूच्या लोकांनी आवर्जून बोललं पाहिजे. इंग्लंडहून हिंदुस्थानला निघालेली जहाजं ह्या बेटावर थांबून वाईनची पिंपं चढवायची. विषुववृत्त ओलांडताना जहाजाच्या पोटात पिंपं महिनोन्‌महिने तापायची, हिंदकळायची, आणि वाईन खराब व्हायच्या ऐवजी सुधारायची, एवढी की पुढे लोक मुद्दाम पिंपं हिंदुस्थानपर्यंत फिरवून परत न्यायला लागले, फक्त तो प्रवास घडावा म्हणून! आता जहाज नाही, साध्या मदेराला किमान तीन महिने ४५ ते ५० डिग्रीच्या आसपास तापवतात, आणि चांगलीला माळ्यावर पिंपात ठेवून उन्हाच्या उबेवर वर्षानुवर्षं मुरवतात. जे काही बिघडायचं ते आधीच बिघडून झालेलं असतं, त्यामुळे आपल्या मे महिन्यात, लाईट गेलेली असताना, फ्लॅटमध्ये तग धरणारी वाईन कुठली तर ही. बाटलीवरची मुख्य नावं चार, सर्सियल ड्राय, व्हर्देल्यो थोडी कमी ड्राय, बुआल गोड आणि माम्झी सगळ्यात गोड. पण सगळ्यात गोड माम्झीलाही आत लिंबासारखी धार असते आणि त्या आंबटपणामुळे घोट गिळल्यावर तोंड चिकट राहत नाही, स्वच्छ होतं. गोड वाईन चांगली की वाईट हे ओळखायची माझी खूण हीच, गोडव्याच्या मागे आंबट आहे की नाही.

पेद्रो हिमेनेझ मात्र ह्या नियमाला अपवाद, ती सरळसरळ काकवीसारखी दाट आणि काळी. तोडलेली द्राक्षं चटयांवर उन्हात पसरून मनुका होईपर्यंत वाळवतात (आपल्या तासगावला बेदाणा शेडमध्ये सावलीत वाळवतात, इथे उघड्या उन्हात), मग त्यातून जो थोडासा रस निघतो त्याची वाईन. लिटरला ३०० ग्रॅमच्या वर साखर असते. ग्लासभर पिऊच नका, व्हॅनिला आईस्क्रीमवर दोन चमचे सोडा आणि खा.

पिण्याचं म्हणाल तर ग्लास छोटा, ६० ते ७५ मिली, बस. चवीला गोड लागते म्हणून भराभर जाते आणि अल्कोहोल मात्र साध्या वाईनच्या दीडपट आहे, त्यामुळे पाम बीच रोडने गाडी चालवत घरी जायचं असेल त्या दिवशी नको, आणि वय बसत नसेल त्यांनी तर नाहीच. पुस्तकात रूम टेंपरेचर लिहिलेलं असतं ते तिकडच्या थंड खोलीचं, आपल्या नेरूळ-कोपरखैरण्याची खोली त्याहून बरीच गरम असते, म्हणून रूबी अर्धा तास आणि टॉनी, मस्कॅट तास-दोन तास फ्रिजमध्ये ठेवूनच काढा. गरम पोर्टचा नुसता स्पिरिटचा भपका येतो, आणि मग माणूस म्हणतो मला पोर्ट आवडत नाही.

वास ओळखता येत नाही म्हणून पुष्कळजण लाजतात, त्यांच्यासाठी सांगते, वाशीच्या एपीएमसीत ड्रायफ्रूटच्या गाळ्यावर जा, सुकं अंजीर, काळे मनुके, जर्दाळू, अक्रोड, खजूर असं थोडं थोडं घ्या, घरी वाट्यांमध्ये मांडा. आधी अंजीर फोडून नाकाशी धरा, मग टॉनीचा ग्लास, मग अक्रोड, परत ग्लास. दहा मिनिटांत कळायला लागतं की आत काय काय आहे, कोणाचा कोर्स करायला नको.

बरोबर काय खायचं, तर वाईन पदार्थापेक्षा थोडी जास्त गोड पाहिजे, नाहीतर ती आंबट आणि पातळ लागते. म्हणून गुलाबजाम, जिलबी नको, पाकापुढे कुठलीच वाईन टिकत नाही. टॉनीला शेंगदाण्याची चिक्की किंवा अनारसा मस्त जातो, गूळ आणि खसखस दोन्ही तिला मानवतात. रूबीला डार्क चॉकलेट, किंवा खारट चवीचं ब्लू चीज, ते खारट-गोड एकदा जमलं की सुटत नाही. मस्कॅटला संत्र्याच्या फुलाचा वास असतो, ती फार गोड नसलेल्या केशरी श्रीखंडाबरोबर घेऊन बघा. बुआल मी पुरणपोळीबरोबर सुचवेन, वरून साजूक तूप असेल तर आणखी चांगलं, कारण तुपाला तो आंबटपणा कापतो.

उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. रूबी आठ-दहा दिवस छान राहते, टॉनी तीन-चार आठवडे, मदेरा कित्येक महिने. व्हिंटेज दोन-तीन दिवसांत संपवावी लागते, म्हणून ती चार माणसं जेवायला येणार असतील तेव्हाच उघडा, आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा, गाळ तळाला बसू द्या आणि ओतताना हात हलवू नका. घरात पिणारे एक-दोनच असतील तर ३७५ मिलीची अर्धी बाटली मागा, बऱ्याच पोर्ट त्या मापात येतात.