शिष्ट माणूस कुठं बघतो?

श्रोतेहो, नमस्कार.

शिष्टपणाला इंग्रजीत स्नॉबरी म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात ‘स्नॉब’ म्हणजे जोडे शिवणारा. मग केंब्रिजचे विद्यार्थी गावातल्या साध्या माणसांना स्नॉब म्हणू लागले. १८४६-४७ मध्ये इंग्रज कादंबरीकार थॅकरे यांनी ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकात लेखमाला लिहिली आणि शब्दाचा रोख फिरला. मोठ्यांची नक्कल करणारा, बाकीच्यांना तुच्छ लेखणारा तो स्नॉब.

त्याच काळात का? कारखाने आणि व्यापारातून नवा पैसा आला होता. पायरी जन्मानंच ठरायची तोवर ती कुणाला दाखवावी लागत नव्हती. पैशानं वर चढता येऊ लागलं, तशी चढलेल्याला घसरण्याची धास्ती लागली. मग कपडे, उच्चार, जेवायची रीत यांवरून माणसं जोखणं वाढलं. एखादी खूण सगळ्यांना परवडू लागली की ती टाकायची, नवी धरायची. म्हणूनच शिष्ट माणसाचं निम्मं लक्ष कायम वरच्यांकडे असतं.

आपली कोल्हापुरी चप्पल घ्या. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, कातड्याच्याच वादीची शिलाई. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तरी ती गावठी म्हणणारे होतेच. जून २०२५ मध्ये इटलीत मिलानला प्राडा या महागड्या फॅशन कंपनीच्या शोमध्ये तिच्यासारखी चप्पल झळकली आणि तिची चर्चा जगभर झाली. आपले कारागीर मात्र पिढ्यान्‌पिढ्या तीच चप्पल करत आले होते.

चांगल्यावाईटाची पारख असणं हा शिष्टपणा नव्हे, हे मी ठासून सांगेन. जाणकार तळ वाकवून बघतो, वादीचा टाका तपासतो आणि आवडनिवडीचं कारण सांगतो. शिष्ट माणूस दुकानाचं नाव आणि किंमत सांगतो. ती दोन्ही झाकून त्याला मत विचारा, तो घुटमळतो.

जातिभेद ही याहून फार क्रूर गोष्ट. त्याला नुसता शिष्टपणा म्हणता येणार नाही. पण वर बघायची ही सवय राजर्षी शाहू महाराजांनी अचूक हेरली होती. अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी कोल्हापुरात हॉटेल काढायला मदत केली. तिथला चहा सवर्णांना चालेना. तेव्हा महाराज स्वतः जाऊन तिथला चहा घेऊ लागले, बरोबरच्या मंडळींनाही देऊ लागले. ज्यांना राजाच्या जवळ राहायचं होतं, त्यांना तो कप नाकारता येईना.